पुढची जागा

चाळिशीत हेमराजला लांबचं दिसेनासं झालं, तेव्हा बायकोने, भारतीने, मागे लागून चष्मा करून घ्यायला लावला. पण दर रविवारी सकाळी तो मोटारसायकलवाल्या दोस्तांबरोबर कळमेश्वरला पोहे खायला जायचा. तिथे एकाने चष्मा लावला, तर त्याला वर्षभर सगळे "मास्तर" म्हणून चिडवत होते. म्हणून हेमराजचा चष्मा खिशातच राही आणि तो पुढच्याचा लाल दिवा धरून गाडी चालवी.

त्या रविवारी दाट धुकं होतं. टोळीचा म्होरक्या भूपेश म्हणाला, "आज पुढं तू राह्य गा. किती दिवस मागं मागं येशीन? भेतं काय?"

सगळे हसले. हेमराजला नाही म्हणवेना.

पुढे लाल दिवा नव्हता, नुसतं पांढरं. 'टेकडीच्या गणपती, लेकरांकडे बघ रे,' असं पुटपुटत तो निघाला. मागून हॉर्न वाजत होते. शेवटी, हसू देत मेले, असं म्हणून त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि चष्म्यासाठी खिशात हात घातला.

काय झालं ते बघायला भूपेश चालत पुढे गेला आणि ओरडला, "अरे बाप!" दहा पावलांवर बिनदिव्याचा ट्रक बंद पडला होता.

"काय नजर हाय गा तुही! आता दर रविवारी पुढं हेमराजच!"

पाठीवर थापा पडल्या. हेमराजने हात रिकामाच बाहेर काढला आणि गाडी सुरू केली. कळमेश्वर अजून लांब होतं.