पुढच्या चाकाचे नट
हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. दसऱ्याला झेंडूचा वास आला की दादाची जुनी फियाट डोळ्यांसमोर येते. खमरियाच्या क्वार्टरपुढे आम्ही दोघं भाऊ तिला पुढून डिस्क ब्रेक बसवत होतो. ब्रेक बसले, पण जुनं चाक त्यांना घासायला लागलं. मी चाक आणि ब्रेकच्या मधे लोखंडी चकती घातली. चाक मोकळं फिरलं, पण आता बोल्ट आखूड पडले आणि नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर अडकले. लांब बोल्ट आणायचे तर सणामुळे दुकानं बंद, आणि वहिनी पूजेचं ताट घेऊन उभी. "काहून थांबले भाऊजी? हार काय जॅकला घालू?" दादानं विचारलं, "नट पुरे बसले ना बे?" मी म्हणालो, "एकदम पक्के. चलो." संध्याकाळी पाटनच्या रस्त्यावर ते चाक निखळलं. दादाचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. "वळणावर मीच जोरात होतो," असं तो अजून सांगतो, वहिनीही त्याला त्यावरून बोलते, आणि मी शेजारी बसून ऐकतो. चूक त्याची नव्हती, माझी होती, एवढं सांगायचं मी त्याचं देणं लागतो.