नारायणभाऊ आणि पाच खाचांचं पिस्तूल

कोणतीही बंदूक हातात आली की नारायणभाऊ आधी तिच्या नळीचा वास घेत आणि विचारत, "काय काय खाल्लं हिनं?" सिंदेवाहीला त्यांची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती आणि मी तिथे हिशेबाला होतो. त्यांच्या बैठकीत परवान्याच्या चार बंदुका टांगलेल्या होत्या. एकीकडे बोट दाखवून ते सांगत, "ही बुढी डुकरावर जगली. अन् ही दुसरी नुसती देखनी. आजवर एक होलाबी पाडला नाई हिनं!"

"मालकावरच गेली!" आतून पार्बताबाईंचा, त्यांच्या बायकोचा, आवाज येई.

महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. नागपूरच्या एका विक्रेत्याकडून त्यांनी एक पिस्तूल घेतलं, ब्रह्मदेशच्या लढाईतलं. लाकडी मुठीवर पाच बारीक खाचा होत्या. हात बांधलेले पाच कैदी या पिस्तुलानं मारले गेले, एकेकाची एकेक खाच, असं विक्रेता म्हणाला. खरं-खोटं मला तपासता आलं नाही. ऐकलं तेवढं लिहितो. पण वस्तू विलक्षण देखणी होती. एकदा हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नसे, आणि मला भीती त्याचीच वाटे. नारायणभाऊंना ती वाटत नव्हती. आल्यागेल्याचं बोट धरून ते खाचांवरून फिरवत.

त्या दसऱ्याला सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागलं. पिस्तुलावर झेंडूचं फूल होतं. संध्याकाळी मासू सोनं द्यायला आला. वैनगंगेपलीकडच्या जंगलातला हा गोंड गाडीवान टालीवर बांबू आणत असे. नारायणभाऊंनी हौसेनं त्याचंही बोट खाचांवर ठेवलं आणि गोष्ट सांगितली.

मासूनं बोट काढलं नाही. "याइचे दगड कुठी गाडले, भाऊ?"

त्याच्या गावात मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात.

"मले काय मालूम?" नारायणभाऊ हसले.

"मंग हे अजून वाट पाहून राह्यले," मासू म्हणाला आणि आपट्याची पानं देऊन निघून गेला.

नारायणभाऊंनी पिस्तुलावरचं फूल उचललं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दिवाळीच्या आधी ते मला घेऊन मासूच्या गावी गेले. "दगड मी गाडतो. कसे गाडतेत ते सांग."

"घरचा मानूस गाडते. तुमी त्याइचे कोन?"

नारायणभाऊ म्हणाले, "ज्यानं ते मेले, ते पिस्तूल माह्या घरी हाये. मी त्याले फूल वाह्यलं. एवढंच नातं हाये."

मासूनं तंबाखूची चंची पुढे केली. "पुरे हाये," तो म्हणाला.

घरी पार्बताबाई भडकल्या. "कोनाचे कोन मेलेले, ना नाव ना गाव! त्याइले आपल्या वावरात बोलावता?"

"बोलावून तं मीच आनलं," नारायणभाऊ म्हणाले. "आता बसाले जागा तं देऊ."

धानाच्या बांधीलगत, खाचराच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, गुडघ्याएवढे पाच दगड उभे राहिले. मासूनं मोहाची दारू शिंपडली. तो गोंडीत काय बोलला ते मला कळलं नाही. नारायणभाऊ अनवाणी, हात जोडून उभे होते. डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणारा माणूस मी. पण त्या घटकेला पाच माणसं आमच्यासमोर उभी आहेत, याबद्दल मला शंका उरली नाही. माझ्याही वहाणा पायातून कधी निघाल्या, आठवत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पिस्तूल ठाण्यात जमा केलं. "विकून टाकायचं होतं, चांगलं गिऱ्हाईक मिळालं असतं," ठाणेदार म्हणाले. "घेनारा खाचाच दाखवत फिरंन, साहेब. मीबी फिरलो ना!" नारायणभाऊ म्हणाले.

काही वर्षांनी नारायणभाऊ तापानं गेले. पुढच्या पावसाळ्यात पार्बताबाई स्वतः वावरात उभ्या राहून धानाची रोवणी करून घेत होत्या. नव्या गड्यानं विचारलं, "बाई, हे दगड काढून टाकू काय? दोन वळी धान जास्त लागंन."

"हात नको लावू त्याइले," पार्बताबाई म्हणाल्या. "आमच्या घरचे मानसं हायेत ते."