डासाने बोलावलेला पिचर

डेल्मर प्रुइट तेरा वर्षं बेसबॉल खेळला, आणि त्यातली साडेबारा तरी बाकावर बसून. यात त्याचा काही दोष नाही. बदली पिचरचं, म्हणजे बदली चेंडू टाकणाऱ्याचं, कामच तसं. मुख्य पिचर दमला किंवा झोडपला गेला की कुंपणाजवळच्या बाकावरून उठायचं, धावत मैदानात जायचं, एकदोघांना बाद करायचं आणि घरी जायचं. त्यातून डेल्मर डावखुरा. म्हणजे समोर डावखुरा फलंदाज आला तरच त्याची आठवण व्हायची. बाकी वेळ सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या, टरफलं थुंकायची आणि सगळ्यांना सल्ले द्यायचे. या तिन्हींत अख्ख्या टेनेसीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सहा गावं झाली, सहा संघ झाले. मोठ्या लीगचं बोलावणं कधी आलं नाही आणि आता येणारही नव्हतं. मार्लो फॉल्सच्या संघाचा हा मोसमातला शेवटचा सामना होता आणि त्याचा तर कायमचा. सोमवारपासून मेहुण्याच्या टायरच्या दुकानात हजर व्हायचं होतं. त्याचंही डेल्मरला फारसं वाईट वाटत नव्हतं. खुपत होतं ते वेगळंच. त्याची नऊ वर्षांची लेक ट्विला दर उन्हाळ्यात आईबरोबर सामने बघायला यायची, आणि ती आली की नेमकी याची पाळी यायची नाही. हा हात गरम करायला उठायचा आणि पुन्हा बसायचा. पोरीने बापाला खऱ्या सामन्यात चेंडू टाकताना एकदाही पाहिलं नव्हतं. वडील काय करतात, असं शाळेत विचारलं तेव्हा तिने लिहून दिलं होतं, 'बसतात.'

आज ती पहिल्या रांगेत होती. आज नाही तर कधीच नाही.

नववा, म्हणजे शेवटचा डाव. मार्लो फॉल्स एका धावेने पुढे, पण तिन्ही तळांवर समोरच्यांचे गडी उभे, आणि बाद फक्त एक; तिघं बाद झाल्याशिवाय डाव संपत नाही. त्यात खेळायला आला रेक्स ओडम, फ्रीजएवढा माणूस, उजव्या हाताने खेळणारा. कुंपणाजवळ डेल्मर आणि उजव्या हाताचा एक तरणाबांड पिचर, दोघंही हात गरम करत होते. निवड कोणाची होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

संघाचे मॅनेजर बर्ल टॅकेट, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, पोट सावरत मैदानाच्या मध्यावर गेले. रिवाज असा, की तिथून उजव्या दंडाला हात लावला की उजवा पिचर येतो, डाव्याला लावला की डावा. कप्तान हात उचलणार, एवढ्यात संध्याकाळचा पहिला डास त्यांच्या डाव्या दंडावर बसला. त्यांनी फाडकन हाणला. पंचांनी तत्परतेने कुंपणाकडे वळून डेल्मरला बोलावलं.

"अहो, डास! डास होता तो!" कप्तान ओरडले.

"असेल. पण खूण झाली," पंच म्हणाले. "आता एक फलंदाज तरी त्यालाच खेळवावा लागेल."

"मेलेला दाखवतो की! हा बघा!"

"टॅकेट, तो डास खिशात घाला आणि बाहेर व्हा."

डेल्मर असा धावत आला की टोपी उडाली तरी त्याला पत्ता नाही. कप्तानांनी चेंडू त्याच्या हातात कोंबला. "आता तुला काय सांगू मी?"

"काही सांगू नका. आणि कृपा करून दुसरा हात खाजवू नका."

सरावाचे आठ चेंडू त्याने टाकले. ट्विला खुर्चीवर उभी राहून प्रत्येक चेंडूला ओरडत होती. नववा खरा. चेंडू सुटला, ओडमने जीव खाऊन बॅट फिरवली, आणि चेंडू जमिनीला घासत गेला तो थेट दुसऱ्या तळाजवळच्या गड्याच्या हातात. त्याने तळावर पाय दिला आणि चेंडू पहिल्या तळाकडे भिरकावला. एकदम दोघं बाद, एकूण तीन. सामना खल्लास! एका चेंडूत! शेंगदाणे उडाले, डेल्मरची बायको नोरीन एका अनोळखी म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली, आणि सोबत्यांनी डेल्मरला खांद्यावर घेऊन दोनदा खाली पाडलं.

तो लंगडत पहिल्या रांगेपाशी आला. "पाहिलंस?"

ट्विलाचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, मला इतकी भीती वाटली ना... मी डोळेच मिटले."

"बरं, असू दे," डेल्मर म्हणाला, पण त्याला भडभडून आलं. तेरा वर्षांत मार खाऊन तो कधी रडला नव्हता, आणि आज जिंकून रडत होता.

कप्तान मागेच उभे होते. "रडतोस काय गाढवा? हात शाबूत आहे ना? टाक पुन्हा." फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरचा मुखवटा चढवून, गुडघ्यांना शिव्या देत ते स्वतःच खाली बसले.

"पण खेळणार कोण?"

ओडम बॅट खांद्यावर टाकून परत येतच होता. "मलाही तो चेंडू पुन्हा हवाय," तो म्हणाला.

या वेळी ट्विलाने बोटांनी स्वतःच्या पापण्या वर ओढून धरल्या. डेल्मरने तोच चेंडू टाकला, तसाच, त्याच जागी. ओडमने तो असा हाणला की कुंपणावरून, उभ्या गाड्यांवरून तो पार चर्चच्या पलीकडे गेला. ओडम स्वतःच ओशाळला. कप्तानांनी मुखवट्याआडून त्याला एक कचकचीत शिवी हासडली.

ट्विला मात्र खुर्चीवर नाचत होती. "आई, बघ, बघ! बाबांनी टाकलेला चेंडू सगळ्यांपेक्षा लांब गेला!"

डेल्मरने एकदा चर्चकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग दोन्ही हात उंच करून त्याने मैदानाला विजयाची एक अख्खी फेरी मारली.