सावळारामची बर्फावरची ओळ

धसईच्या अलीकडे ओढ्याच्या अंगाला जी वाडी आहे, तिथला हा सावळाराम. शहाणा होता असं त्याला कुणी म्हणणार नाही. पण डोळा? ओळंब्यानं लाजावं असा. नुसतं उकिडवं बसून, एक डोळा मिटून तो सांगायचा, भिंत कुठं पोटात आलीय आणि छपराची मेढ कुठं कलली आहे. त्यात कधी बोटभर चूक निघाली नाही.

वाडीची एक रीत होती. शेतात पालापाचोळ्याचे राब भाजून झाले की पेरणीआधी बांध बघायचे. दोन्हीकडचे मालक उभे राहणार, खुणेच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत काथ्याची दोरी ताणणार आणि दोरीच्या टोकाशी बसणार सावळाराम. पावसानं म्हणा, गुरांनी म्हणा, नाहीतर भावकीतल्या कुणाच्या हाताला खाज सुटल्यामुळं म्हणा, एखादा दगड सरकलेला असायचाच. "सरकलाय रे, मागं घ्या," असं सावळाराम म्हणाला की दगड उपटून जागेवर बसवायचा, शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. कुणी हलवला हे विचारायचं नाही आणि पुढं कुठं बोलायचंही नाही. विचारलं की कोयते निघतात, म्हणून वाडवडिलांनी ही तोंडं बांधून टाकली होती.

त्याची स्वतःची म्हणाल तर ओढ्याकाठची भाताची दोन खाचरं. बापाच्या वाटणीची. कागदावर सगळी जमीन थोरल्या चुलत्याच्या नावावर होती. वाटणी झाली ती फक्त खुणेच्या दोन दगडांवर. पलीकडं त्याच चुलत्याचा पोरगा, चुलतभाऊ धाकलू. त्या दोन खाचरांवर सावळाराम, बायको रंभा आणि दोन पोरी जगत होत्या. ती गेली असती तर चौघं दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला उभी राहिली असती, एवढं साधं होतं ते.

एकोणीसशे पंचावन्न साली टिपणीससाहेब घाटातले खडक बघायला आले. मोजणीची साखळी धरायला त्यांनी वाडीतली माणसं घेतली आणि सावळारामचा डोळा बघून चाटच पडले. "अरे, तू माझी दुर्बीण खोटी पाडशील!" म्हणाले. सत्तावन्न साली जगभरचे शास्त्रज्ञ पृथ्वीची तपासणी करायला निघाले, तेव्हा साहेबांच्या वाट्याला हिमालयातली एक बर्फाची नदी आली. साहेबांनी खलाशी, म्हणजे मोजणीचा गडी, म्हणून सावळारामला बरोबर घेतलं. जाताना त्यानं आपल्याच बेटातले बारा बांबू तोडून, तासून, बांधून नेले. रंभा स्टेशनावर रडली आणि तो गाडीच्या दारातून ओरडला, "बांधावर लक्ष ठेव गो!"

ती बर्फाची नदी बघून त्याचं डोकंच फिरलं. दोन डोंगरांच्या मधे नुसता पांढरा ढीग, ना पाणी ना आवाज. साहेबांनी दोन्ही काठांच्या खडकांवर तांबडी खूण काढली आणि मधे, बर्फात गिरमिटानं भोकं पाडून, सरळ ओळीत बारा बांबू रोवले. ओळ धरली सावळारामनं. "ही ओळ तुझ्या हवाली," साहेब म्हणाले, आणि वहीत इंग्रजीत पानंच्या पानं लिहीत बसले. बर्फ दर साल किती वितळतो, किती वाहतो, त्यावरून जगाच्या हवेचं काय होणार हे ते काढणार होते. हे त्यांनी दिल्लीला सांगितलं, विलायतेला कळवलं. ज्याच्या हवाली ओळ केली त्याला सांगायचं तेवढं राहिलं. खलाशाला कोण सांगतो?

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात साहेबांच्या आधी तीन आठवडे तंबू ठोकायला सावळाराम आणि हमाल वर गेले. बघतो तर ओळीचं वाटोळं झालेलं! काठाचे बांबू होते तिथंच, पण मधले पार खाली गेलेले, कुणी पंधरा हात, कुणी वीस हात. काही तर वितळत्या बर्फात आडवे पडलेले. सावळारामला वाटलं, मेंढपाळांचं काम असणार, नाहीतर हमालांपैकी कुणाचं तरी. आपल्या हवाली केलेली ओळ, आणि ही तिची दशा! त्यानं रीत पाळली. तांबड्या खुणेपासून तांबड्या खुणेपर्यंत दोरी ताणली, एक डोळा मिटला आणि सरकलेले सगळे बांबू नवीन भोकं पाडून जागेवर आणले. खिशात शेंदराची पुडी होती, ती चिमूट चिमूट लावली. नारळ नव्हता, म्हणून गुळाचा खडा ठेवला. साहेब आले तेव्हा गप्प राहिला. कुणी हलवले हे विचारायचं नसतं आणि बोलायचं नसतं.

साहेबांनी दुर्बीण लावली आणि उडालेच. एक इंचही फरक नाही! एकोणसाठला तेच, साठला तेच. साहेबांनी मोठा लेख लिहिला की ही बर्फाची नदी मेलेली आहे, जागची हलत नाही. तीन वर्षांचा पुरावा जोडला. पण एका परदेशी तुकडीनं एकोणसाठलाच त्याच बर्फात लोखंडी खांब रोवला होता आणि वर्षानं तो वीस हात खाली सापडला. दिल्लीच्या सभेत साहेबांच्या तोंडावर माणसं हसली.

एकसष्टच्या उन्हाळ्यात साहेब वर आले ते तोंड आवळूनच. म्हणाले, "सावळाराम, काठ्यांना हात लावला होतास?"

"दरसाल लावला, साहेब," सावळाराम खुशीत म्हणाला. आता शाबासकी मिळणार असं त्याला वाटलं. "येक बी वाकडी ऱ्हाऊ दिली नाय. आमच्याकडं असंच करत्यात."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. हमालांना, स्वयंपाक्याला, पाहुण्या शास्त्रज्ञांना बोलावून त्यांनी त्याला मधे उभं केलं. "हा बघा, यानं एकट्यानं हिमनदी थांबवली! सांग रे, कशी थांबवलीस?" रोज संध्याकाळी जेवणाआधी हा तमाशा. शेंदराचा भाग आला की सगळे गडबडा लोळायचे. बर्फ आपणहून वाहतो, हे सावळारामला कळलं ते असं, लोकांच्या हसण्यातून. मग एका दिवशी साहेबांनी ओळ नव्यानं रोवायला सांगितलं, आजच्या आज, त्यानं एकट्यानं. गारांचा मारा चालू होता. हमालांचा मुकादम म्हणाला, उद्या करू. साहेब म्हणाले, "नदी थांबवणाऱ्याला गारांचं काय?" ओल्या हातमोज्यांनी सावळारामनं बारा भोकं पाडली. ओळ सुतासारखी सरळ होती. उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली ती पडलीच, खालच्या दवाखान्यात कापावी लागली. त्या पंधरवड्यातच त्याला घरी धाडून दिलं.

घरी आला तर रंभा दारातच म्हणाली, "बांध बघा आधी." त्याला दोरीसुद्धा लागली नाही. ओढ्याकडचा दगड चांगला सात हात आत आलेला, वर ताजा शेंदूर. एक अख्खं चिंचोळं खाचर धाकलूच्या पोटात गेलं होतं.

पुढच्या वैशाखात बांध बघायला वाडी जमली. ओळीशी बसायला आता माणूस नव्हता, कारण तोच फिर्यादी. सावळारामनं तीन बोटं नसलेला हात पुढं केला आणि आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडली. "धाकलूनं हलवला," म्हणाला.

धाकलू वाटच बघत होता; बर्फावरची गोष्ट वाडीभर झाली होतीच. "आरं, खुना हलवाया कोन गेला व्हता? ह्योच! साहेबाच्या खुना हलवल्या म्हनून हाकलला याला. हातच दाखवतोय!"

सावळाराम हसला. कीव आल्यासारखं हसला. "साहेबास्नी इचारा. माझी नजर आन माझी नियत, दोन्ही त्यांना ठावं हाय." वाडीचा निवाडा करणाऱ्या गणू पाटलांना ते पटलं. शाळामास्तरांनी साहेबांना पत्र लिहिलं. महिनाभर रंभा रोज रस्त्यावर जाऊन टपालवाल्याची वाट बघायची. सावळाराम तिला म्हणायचा, "हसले, पर खोटं बोलनार नाय साहेब." आणि त्या बिचाऱ्याचं म्हणणं खरंच होतं. साहेब खोटं बोलले नाहीत.

पारावर सगळ्यांसमोर मास्तरांनी पत्र वाचलं. "सदर इसमाने सलग तीन वर्षे, कोणी सांगितले नसताना, खुणेच्या काठ्या जागच्या हलवल्या व ते लपवून ठेवले. माझ्या संशोधनाची त्याने माती केली. जमिनीच्या खुणांबाबत त्याच्या शब्दावर विसंबू नये." खाली सही, पदवी, शिक्का.

पाटलांनी विचारलं, "सावळाराम, हे खरं का?"

खोटं बोलता आलं असतं. पत्र खोटं आहे म्हणाला असता तर निम्मी वाडी त्याच्या बाजूनं उभी राहिली असती. "खरं हाय," तो म्हणाला. "पर मी तर सरळ..."

"झालं तर," पाटील म्हणाले, आणि धाकलूनं नारळ फोडला. खोबरं सावळारामच्याही हातावर ठेवलं.

दोन वर्षांत दगड पुन्हा सरकला आणि दुसरं खाचरही गेलं. त्यासाठी कुणी पंचायत बोलावलीच नाही. धाकट्या पोरीनं शाळा सोडली, रंभा धाकलूकडं भाताच्या लावणीला जाऊ लागली. तिकडं टिपणीससाहेबांनी नवी माणसं घेऊन सगळं नव्यानं मोजलं, त्यांना सुवर्णपदक मिळालं. पदकाच्या सभेत त्यांनी शेंदराची गोष्ट सांगितली म्हणे, आणि लोक खूप हसले.

सहासष्ट साली धाकलूनं ओढ्याकाठी नवा बांध घालायला काढला. गड्यांना ओळ जमेना. मग धाकलूची बायको म्हणाली, "त्या थोट्याला बोलवा की. तेवढंच तर येतंय त्याला." सावळाराम आला. बापाच्या जमिनीत उकिडवा बसला, उरलेल्या दोन बोटांत दोरी धरली, एक डोळा मिटला. सकाळपासून दुपारपर्यंत तो धाकलूचा बांध धरत होता. मधे एकदा एक दगड वीतभर ओढ्याकडं कलला होता, धाकलूच्याच तोट्याचा; तिथून पहिल्याच पुरात बांध फुटला असता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"सरकलाय," सावळाराम म्हणाला. "मागं घ्या."