हेविन प्रोबर्टची कड

पोरगं नजरेत भरलं की हेविन प्रोबर्ट आधी त्याची आई बघायचा. रूप नव्हे, उंची. आईबापाच्या उंचीवरून पोरगं किती वाढणार ते कळतं, असं त्याच्या रग्बी अकादमीत ठरलं होतं, आणि अकादमीत ठरलेलं हेविनला देववाक्य. वेल्समधल्या कुमहेलीच्या खोऱ्यात, चॅपलच्या दारात, बेकरीसमोर, अगदी मयतानंतरच्या चहालासुद्धा हा बायांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत उभा. एकीनं एकदा विचारलंच, "काय रे हेविन, घोडी घ्यायला निघालायस का?"

स्वतः तो गावच्या संघात पंधरा वर्षं समोरच्या गड्यांच्या रेटारेटीत डोकं घालून दोन्ही कान चुरगाळून घेतलेला गडी. गुडघा गेला तेव्हा विभागाच्या अकादमीनं त्याला पोरं हुडकायला ठेवलं. छातीवर अकादमीचं चिन्ह असलेलं जाकीट मिळालं. त्या दिवसापासून हा माणूस ते झोपतानाच काय तो काढत असेल. सोळाचं चांगलं पोरगं दिसलं की उचललं! मग अट अशी की उचललेल्या पोरानं गावच्या संघातून खेळायचं नाही, उगाच हातपाय मोडायचे. व्यावसायिक खेळाडू घडवायचे होते ना! घडले किती? एक. तोही फ्रान्सला निघून गेला. बाकीच्यांना अठराव्या वर्षी हेविन बोलावून घ्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "दार कायमचं बंद झालेलं नाही, पोरा." मग दार लावून घ्यायचा.

ती पोरं गावच्या संघात परत यायची नाहीत. लाज वाटायची, आणि दोन वर्षं उकडलेली कोंबडी खाऊन वजनं उचलल्यावर खेळाचीच शिसारी आलेली असायची. कुमहेलीचा तरुणांचा संघ मोडला. "आपलं खोरं म्हणजे खाण आहे, खाण!" असं हेविन क्लबात बिअर पिताना सांगायचा. खाण रिकामी झाली की गावाचं काय होतं, हे त्या कोळशाच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण हेविन आपला मिरवतोय.

त्याचा एकुलता एक पोरगा इएस्टिन. तो व्यावसायिक खेळाडू व्हावा एवढाच हेविनला ध्यास. आता पोराची आई एलुनेड जेमतेम पाच फूट. दुसऱ्यांच्या आया इंचाइंचानं मोजणाऱ्या या गृहस्थानं स्वतःच्या बायकोला अकादमीच्या कागदावर खुशाल चार इंच वाढवून दिले. पोरगं चपळ निघालं, पण कागदाइतकं वाढलं नाही. अकादमीनं त्याचं नाव खोडलं, आणि ते सांगायचं काम ज्याचं होतं त्यालाच दिलं.

स्वयंपाकघरात हेविननं पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "दार कायमचं..."

"राहू दे, बाबा. पाठ आहे मला ते."

"मग आपल्या गावच्या संघात ये. मी बोलतो त्यांच्याशी."

"कुणाबरोबर खेळू? माझ्या वयाचा एक तरी शिल्लक ठेवलायस का?"

पोरगं गेलं ते डोंगरापलीकडच्या ट्रेवर्नला. कुमहेलीचं त्या गावाशी तीन पिढ्यांचं वाकडं. तिथला म्हातारा प्रशिक्षक इडवल अकादमीनं टाकलेली पोरं गोळा करायचा आणि त्यांच्या आयांची उंची विचारायचा नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांचा सामना. मैदानाची एक कड कुमहेलीची, दुसरी ट्रेवर्नची. समोरच्यांच्या कडेला जाऊन उभं राहण्यापेक्षा माणसं घरी बसायची. एलुनेड मात्र चहाचा थर्मास घेऊन सरळ ट्रेवर्नच्या कडेला निघाली.

"येतोस?" तिनं हेविनला विचारलं.

"डोकं फिरलंय का तुझं? गाव काय म्हणेल?"

"गाव तुझ्याशी बोलतं तरी का?"

हेविन आपल्या कडेला गेला. कुमहेलीकडून मैदानात उतरले होते चाळिशीचे टकले.

"या साहेब! यातला कुठला नेताय?" कुणीतरी ओरडलं.

"याला ने. त्याची आई चांगली उंच होती!" म्हणत दुसऱ्यानं आपल्या पोटसुटल्या कप्तानाकडे बोट दाखवलं, आणि सगळी कड खिदळली. जागा कुणी करून दिली नाही. शेवटी हेविन गोलच्या खांबांच्या मागे, कुत्री बांधतात तिथं, एकटाच जाऊन उभा राहिला.

सामना संपत आला तेव्हा इएस्टिनच्या हाती चेंडू आला. चार टकल्यांना हूल देत तो सुसाट सुटला आणि रेषेपलीकडे, थेट बापाच्या पायांशी, चेंडू छातीखाली घेऊन पडला. तोंडभर चिखल, आणि पोरगं हसत होतं. ट्रेवर्नची कड नाचायला लागली. इएस्टिननं पडल्या पडल्याच मान वर केली आणि बापाकडे बघत थांबला.

टाळीसाठी हेविनचे हात अर्धे वर आलेसुद्धा.

"चेंडू डाव्या हातात धरायला हवा होतास," तो म्हणाला.

इएस्टिननं तोंडावरचा चिखल पुसला, आणि उठून आईच्या कडेकडे पळत गेला.