रंगाखाली गेलेला बाण

मंडळी, डोकं सणकलंय. लिहिल्याशिवाय उतरणार न्हाई.

चाकूरजवळच्या एका गावाला मी पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड करून दिला होता. दुष्काळात टँकर कधी या गल्लीत, कधी त्या गल्लीत. स्टँड उचलून नेता यावा म्हणून वेल्डिंग न करता हूक आणि खाचेचे सांधे ठेवले. पायातली खाच वर रुंद, खाली अरुंद. वजन पडलं की आडव्या पट्टीचा हूक तिच्यात घट्ट बसतो. पण पाय उलटा लावला तर हूक रुंद भागात येतो आणि निसटतो. म्हणून प्रत्येक पायावर वर दाखवणारा लाल बाण काढला होता.

आज दुपारी सरपंचांचा फोन. "सलीमभाई, तुमचा स्टँड कोसळला! वेल्डिंग मारायला काय झालं होतं?"

गेलो. टाकी आडवी, गल्लीत चिखल. बाया फडक्यानं पाणी टिपून बादलीत पिळून राहिल्या होत्या.

सांधा एकही मोडला नव्हता. पाय उलटे लागले होते. स्टँड नेहमी जोडणाऱ्या द्वारकामावशी रडकुंडीला आल्या. "आम्ही बाण बघूनच जोडतो, भाऊ. आज दिसलाच न्हाई."

दिसणार कसा? काल तालुक्याचे साहेब पाहणीला येणार म्हणून सरपंचांनी स्टँडला चंदेरी रंग फासून घेतला होता!

"बाण बरा दिसत नव्हता," सरपंच म्हणाले.

खिळ्यानं रंग खरवडून चारही बाण मोकळे केले. स्टँड उभा केला, वर टाकी ठेवली. रिकामी. टँकर आता तीन दिवसांनी.

साहेब काल गाडीतून उतरलेसुद्धा न्हाईत म्हणे. मग सांगा मंडळी, तो रंग कुणी बघितला?