सिस्टरची चौथी भाषा

"थांबा मॅडम, पुन्हा सांगते," असं म्हणून सिस्टर आपलंच वाक्य हवेत पुसून टाकायच्या. अगदी खरोखर. फळा पुसावा तसा तळहात डावीकडून उजवीकडे फिरायचा आणि वाक्य पहिल्या शब्दापासून सुरू व्हायचं.

सावेडीत एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत मी जर्मनचा वर्ग घेते. येणाऱ्या बहुतेक नर्स. जर्मनीत नोकरी हवी तर पुण्याला जाऊन जर्मनची परीक्षा द्यावी लागते: वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं. वर्गात सगळ्याच नर्स, पण 'सिस्टर' म्हटलं की त्याच. बाकीच्या मुली बाविशी-पंचविशीच्या. या अडतिसाव्या वर्षी आलेल्या, पंधरा वर्षं आयसीयूत काढून.

"घरी दखनी, वॉर्डात मराठी, डॉक्टरसमोर इंग्लिश," पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "चौथी मावंल का डोक्यात?"

मी म्हटलं, मावेल.

"लवकर मावली पायजे. पोरगी बारावीला हाय, तिला तिकडं शिकवायचंय. आन् माझं वय काय थांबत न्हाई."

त्यांना बसवत नसे. पाच मिनिटं बाकावर, की लगेच उठून भिंतीशी उभ्या. तिथून खिडकीशी. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. त्यांच्यासमोर बसलं की आपल्यालाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं असतात, हे ऐकून त्या खूश झाल्या. ती खुशी एक दिवस टिकली.

"दार तिकडं 'ती', खाट 'ते', आन् खुर्ची 'तो'? समदं उलटंच की."

मुलीला जर्मनमध्ये 'ते' म्हणतात, हे कळल्यावर वर्गातल्या पोरी नाराज झाल्या. सिस्टर मात्र शांत. "त्यात काय? आपल्याकडं बी पोर रडतंय म्हनतोच की आपन."

मग त्यांनी दवाखान्यात चिकटपट्टीचे तुकडे कापून दारावर 'ती', खाटेवर 'ते', खुर्चीवर 'तो' असं लिहून लावलं. मेट्रननं सगळं काढायला लावलं. एका म्हाताऱ्या पेशंटनं विचारलं होतं म्हणे, "माज्या खाटंवर 'ते' का लिवलं? मी माणूस न्हाई व्हय?"

पुण्याच्या पहिल्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं तिन्ही उत्तम झालं. बोलण्यात नापास. चार महिन्यांनी बोलण्याची परीक्षा पुन्हा दिली, पुन्हा नापास. कारण मला ठाऊक होतं. अर्धं वाक्य झालं की त्यांना चूक दिसायची, हात हवेत जायचा आणि मिनिटं संपायची.

"चुकू द्या," मी म्हणायचे. "पुढे चला. परीक्षकाला तुमचं म्हणणं कळलं की झालं."

"तुमाला सोपं वाटतं," एकदा त्या तोडून बोलल्या. "आमच्यात डोसचा आकडा चुकला तर मानूस जातं. पंधरा वर्षं मी हेच शिकले. आता म्हनता, चुकू द्या."

त्यानंतर दोन आठवडे त्या वर्गाला आल्याच नाहीत.

मग मीच गेले, पण त्यांना शोधायला नाही. माझ्या वडिलांना दम लागला म्हणून त्यांच्याच दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारी भेटायच्या वेळेत आत गेले. शेजारच्या खाटेवर नागापूरच्या कारखान्यातला एक बिहारी कामगार होता. तो घाबरून तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढत होता. सिस्टर त्याच्या उशाशी वाकून सारख्या बोलत होत्या. थोडं हिंदी, थोडं दखनी आणि मधूनमधून त्याच्याच गावाकडच्या बोलीतले शब्द. एक शब्द त्यांनी असा काही उच्चारला, की तो मास्कच्या आत हसला. हात खाली आला.

"ही बोली कुठे शिकलात?" मी नंतर विचारलं.

"शिकते कुठं? तीन दिस झाले, ऐकतेय त्याचं."

"चुकत होतात."

"चुकनारच की. तो घाबरलाय, मॅडम. मी तिथं शब्द नीट लावत बसू का?"

बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं आणि सलाइनची बाटली बदलायला वळल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, तुमी पेशंट व्हा."

पुढचा दीड महिना मी बाकावर आडवी पडून जर्मनमध्ये कण्हत होते. पोटदुखी झाली, पाय मोडून झाला, एकदा बाळंतीणही झाले. सिस्टर उशाशी उभ्या राहून बोलायच्या. लिंगं चुकायची, क्रियापदं भलतीकडे जायची. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं की म्हणायच्या, "पेशंटनं गप पडायचं."

तिसऱ्या परीक्षेहून त्या एसटी स्टँडवरून थेट वर्गात आल्या. "चुका लई केल्या. थांबले न्हाई." पास झाल्या. आनंद एक दिवसाचा. मग व्हिसाची वाट पाहण्यात सहा महिने मला रोज दोन फोन. मी दर वेळी त्यांना 'येईल हो' म्हणत होते. व्हिसा आला, आणि आठ दिवसांत त्या गेल्याही. नवरा आणि मुलगी मागून जायचे होते.

परवा दुपारी त्यांचा तिकडून फोन आला. त्यांच्या वॉर्डातल्या एक म्हाताऱ्या बाई सकाळी वारल्या होत्या आणि बाईंच्या मुलाला सांगायचं काम सिस्टरांकडे आलं होतं.

"सांगितलं, मॅडम. त्याला कळलं. धन्यवाद म्हनला." मग म्हणाल्या, "तो एकटाच बसला हुता. आपल्याकडं मी विचारलं असतं, भाऊ, काही खाल्लं का, घरी कोन हाय. शब्द येत हुते मला. पन हिकडं असं विचारतात का, ते म्हाईत न्हाई. मी नुसती उभी राहिले."

मला तरी कुठे माहीत होतं? मी तिकडे कधी गेलेलीच नाही. तसं मी सांगितलं.

"मग आता जाऊन विचारते. बसलाय तो अजून," त्या म्हणाल्या. फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. भराभर चालल्याचा आवाज आला, एक दार उघडलं. मग लांबून त्यांचा आवाज आला, शब्द कळत नव्हते. एका पुरुषानं काहीतरी उत्तर दिलं. बराच वेळ तो बोलत राहिला.